पाचव्या जबाबाची पानं : कीथ ब्लेकलॉक खून खटला

६ ऑक्टोबर १९८५, रविवार. रात्री दहाच्या सुमाराला उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅम भागात पोलिसांची एक छोटी तुकडी एका इमारतीच्या जिन्यावरून मागे हटत खाली येत होती. एक सार्जंट आणि दहा कॉन्स्टेबल. वरच्या मजल्यावरच्या दुकानाला आग लागली होती आणि ती विझवायला आलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांना संरक्षण द्यायला ही तुकडी गेली होती. दंगल हाताळायचं म्हणावं असं प्रशिक्षण त्यांना नव्हतं. जमाव मागे लागला. खाली पोचल्यावर सगळे जीव घेऊन पळाले, आणि त्या पळण्यात कॉन्स्टेबल कीथ ब्लेकलॉक पडले. जमावानं त्यांना घेरलं. अंगावर चाळिसाहून जास्त जखमा होत्या आणि मानेत सुरा तसाच रुतलेला होता.

ब्लेकलॉक ४० वर्षांचे होते. पोलिसात येऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. जवळच्याच मझवेल हिल भागात पायी फिरून बंदोबस्त बघणारे, लोकांच्या ओळखीचे कॉन्स्टेबल. घरी बायको एलिझाबेथ आणि तीन मुलगे. दंगलीत पोलीस मारला जाण्याची ब्रिटनमधली त्याआधीची घटना १८३३ सालची होती. तेव्हा कोल्डबाथ फील्ड्सच्या सभेत कॉन्स्टेबल रॉबर्ट कली यांना भोसकलं गेलं आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्युरीनं तो खून समर्थनीय ठरवला, कारण पोलीस बेफाम वागले असं त्या ज्युरीचं मत होतं. कोर्टानं तो निर्णय नंतर रद्द केला. ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट इथे सांगतोय, कारण तेव्हा मारणारे आणि मरणारा दोघेही गोरे होते, तरी प्रश्न हाच होता: पोलीस कोणाचे?

पुढे जाण्याआधी भाषेबद्दल एक गोष्ट. मराठी बातमीत मारला गेलेला पोलीस ‘ते’ असतो आणि आरोपी ‘तो’. निर्दोष सुटला तरी बहुतेकदा ‘तो’च राहतो. या लेखात सगळ्या प्रौढ माणसांना मी ‘ते’च म्हणणार आहे. हे प्रकरण ज्यामुळे नासलं त्याची सुरुवात असल्याच लहान लहान सवयींत आहे.

आदल्या आठवड्यातल्या दोन आया

हा खून झाला ती ब्रॉडवॉटर फार्म म्हणजे टॉटनहॅममधली, कौन्सिलनं (स्थानिक पालिकेनं) १९६० च्या दशकाच्या अखेरीस बांधायला घेतलेली भाड्याच्या घरांची वसाहत. खालून मोझेल नावाची नदी वाहते, पुराची भीती, म्हणून इमारती खांबांवर उचललेल्या. खाली गाड्या लावायची जागा आणि वर एका इमारतीतून दुसरीत नेणारे लांबलचक सज्जे. इमारतींना विमानतळांची नावं. त्यातली टँगमिअर ही मधली, दुकानांची. सुरुवातीला सांगितलेला जिना हिचाच. ऐंशीच्या दशकात इथे कॅरिबियन बेटांतून आलेल्या कुटुंबांची दुसरी पिढी मोठी झालेली होती, गोरे होते, सायप्रसहून आलेले तुर्कही होते. तरुण पोरांना काम नव्हतं आणि रस्त्यात अडवून झडती घेणं हा त्यांच्यासाठी पोलिसांशी येणारा नेहमीचा संबंध होता.

२८ सप्टेंबरला दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये पोलीस एका तरुणाला शोधत त्यांच्या आईच्या घरात घुसले आणि त्या आईवर, चेरी ग्रोस यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या कायमच्या अपंग झाल्या. ब्रिक्स्टन पेटलं. आठवडाभरानं, ५ ऑक्टोबरला टॉटनहॅममध्ये फ्लॉइड जॅरेट या तरुणाला गाडीच्या काचेवरच्या टॅक्स भरल्याच्या चकतीवरून अडवलं गेलं, गाडी चोरीची असल्याचा संशय घेऊन ठाण्यात नेलं गेलं. गाडी चोरीची नव्हती. तरी संध्याकाळी पोलीस त्यांच्या आईच्या घरी झडतीला गेले. झडतीत काही मिळालं नाही, पण ती चालू असताना ४९ वर्षांच्या सिंथिया जॅरेट कोसळल्या आणि हृदय बंद पडून गेल्या. पोलिसानं आईला ढकललं, असं मुलीनं चौकशीत सांगितलं. पोलिसानं ते नाकारलं. ज्युरीनं अपघाती मृत्यू नोंदवला.

दुसऱ्या दिवशी ब्रॉडवॉटर फार्म पेटलं. रात्र संपली तेव्हा एक बाई आणि एक कॉन्स्टेबल असे दोन मृतदेह होते, आणि दोन्हीकडच्या लोकांना एकच मृतदेह दिसत होता.

हॅरिंगे कौन्सिलचे नेते बर्नी ग्रँट स्वतः गयानाहून आलेले कृष्णवर्णीय. इथल्या पोरांना वाटतं की पोलिसांना चांगलाच चोप बसला, अशा अर्थाचं ते बोलून गेले. पोरांचं म्हणणं म्हणून सांगितलेलं ते वाक्य दुसऱ्या दिवसापासून त्यांचंच झालं. मला वाटतं, नेत्यानं त्या आठवड्यात तीन मुलांच्या आईला ऐकू जाणार आहे हे धरून बोलायला हवं होतं. पण त्या वाक्याचा पुढे जो वापर झाला, तो एका माणसाच्या चुकीपेक्षा फार मोठा होता.

तपास

तपास डिटेक्टिव्ह चीफ सुपरिंटेंडंट ग्रॅहम मेल्विन यांच्याकडे आला. वसाहत पोलिसांच्या ताब्यात यायला पहाट झाली होती. मारणाऱ्यांपैकी कित्येकांचे चेहरे झाकलेले होते. ठसा नाही, रक्ताचा डाग जुळत नाही, घटनेच्या वेळचा उपयोगी फोटो नाही. साक्षीला कोणी पुढे येईना. काहींना शेजाऱ्यांची भीती, बहुतेकांना पोलिसांची. मग एकच मार्ग उरला: माणसं उचलायची आणि बोलती करायची. १९८५-८६ मध्ये ३५९ जणांना अटक झाली. त्यातल्या फक्त ९४ जणांचे जबाब वकिलासमोर झाले.

इथे तारखेला महत्त्व आहे. आरोपीला वकील मिळणं, जबाबाची नीट नोंद होणं, कोठडीतल्या वागणुकीची नियमावली हे सगळं घालून देणारा कायदा ब्रिटिश संसदेनं १९८४ मध्येच केला होता. तो पुरता अमलात आला जानेवारी १९८६ मध्ये. ब्लेकलॉक यांचा खून ऑक्टोबर १९८५ चा. म्हणजे जुन्या पद्धतीच्या अखेरच्या महिन्यांत हा तपास झाला: एक अधिकारी विचारतो, दुसरा हातानं लिहून घेतो, आणि तो कागदच कोर्टातला पुरावा.

१३ वर्षांचा एक मुलगा तीन दिवस कोठडीत होता. तपासणीसाठी कपडे काढून घेतलेले, अंगावर चड्डी आणि एक पांघरूण. वकील नाही. अशा अवस्थेत त्यानं खुनाची कबुली दिली. एंगिन रगिप १९ वर्षांचे, तुर्की सायप्रियट घरातले, वाचता-लिहिता न येणारे. चार दिवसांत त्यांची दहा वेळा चौकशी झाली, मिळून चौदा तासांहून जास्त. शेवटी ते म्हणाले की झाडूचा दांडा घेऊन मी त्या घोळक्यात शिरायचा प्रयत्न करत होतो. मार्क ब्रेथवेट १८ वर्षांचे. बंद खोलीत जीव घाबरा होणारा मुलगा. त्यांनी सांगितलं की मी लोखंडी गजानं छातीवर आणि पायावर मारलं. ब्लेकलॉक यांच्या शरीरावर त्या ठिकाणी तशी जखमच नव्हती.

आणि विन्स्टन सिल्कॉट. वय २६. आईवडील माँटसेराट बेटावरून आलेले, धर्मभीरू. सिल्कॉट यांचं टँगमिअरच्या सज्जावर भाजीचं दुकान होतं. वसाहतीत सगळे ओळखायचे, पोलीस तर फारच चांगले ओळखायचे: एका पार्टीत झालेल्या खुनाच्या आरोपावरून ते जामिनावर होते, आणि पुढे १९८६ मध्ये त्या खुनात त्यांना जन्मठेप झाली. हे लपवायचं कारण नाही. सिल्कॉट हे साधुपुरुष होते म्हणून हे प्रकरण महत्त्वाचं आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

१३ ऑक्टोबरला त्यांचा पाचवा जबाब झाला. मेल्विन विचारत होते, डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर मॅक्सवेल डिंगल लिहीत होते. आधीच्या चार जबाबांत हाती काही लागलं नव्हतं. पाचव्याच्या कागदांवर मात्र असं होतं: तुझं नाव घेतलं गेलंय म्हटल्यावर सिल्कॉट अस्वस्थ झाले, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले की तुमच्याकडे पुरेसा पुरावा नाही, ती पोरं कधी कोर्टात यायची नाहीत, दुसरं कोणी तुमच्याशी बोलणार नाही. हत्यारांबद्दल विचारल्यावर उत्तर: उशीर केलात, ती गेली. सिल्कॉट यांनी सही केली नाही. मी असं बोललोच नाही, हे ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून जे काही होतं ते एवढंच.

ओल्ड बेली, १९८७

जानेवारी १९८७ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात न्यायमूर्ती हॉजसन यांच्यासमोर सहा जणांवर खटला उभा राहिला. तीन प्रौढ, तीन अल्पवयीन. न्यायाधीशांनी तिन्ही मुलांना मुक्त करायला सांगितलं. चड्डी-पांघरुणातल्या त्या मुलाची कबुली दडपणाखालची म्हणून बाजूला काढली. इथे कोर्टाला थांबायची संधी होती. ज्या अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या चौकशीत लहान मुलाची कबुली अशा रीतीनं काढली गेली, त्याच तपासातले तिघा प्रौढांचे कबुलीचे कागद मात्र ज्युरीपुढे राहिले.

ज्युरीत आठ गोऱ्या स्त्रिया, दोन कृष्णवर्णीय स्त्रिया आणि दोन गोरे पुरुष होते. ज्युरीच्या रंगावर त्या काळी खूप बोललं गेलं. एका बाजूला भीती की काळी माणसं काळ्याला सोडतील, दुसऱ्या बाजूला भीती की गोऱ्यांची ज्युरी न्याय देणार नाही. या वादातून पुढे कायदाही हलला. कारण न देता ज्युरीतला माणूस नाकारायचा बचाव पक्षाचा हक्क १९८८ च्या कायद्यानं काढून घेतला, आणि मिश्रवर्णीय ज्युरी बसवायचा अधिकार न्यायाधीशाला नाही, असं १९८९ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं. पण या प्रकरणात ज्युरीच्या रंगाकडे बोट दाखवणं मला पटत नाही. त्या बारा जणांपुढे जे कागद ठेवले गेले ते खरे धरले तर निकाल तसाच लागणार होता. वर्णभेद ज्युरीच्या खोलीत शिरायच्या कितीतरी आधी आपलं काम करून गेला होता: कोणाला उचलायचं, कोणाच्या नकाराला किंमत द्यायची नाही, आणि कोणत्या कागदाची तपासणी करायची गरजच वाटली नाही, या तीन ठिकाणी.

उरलेलं काम वर्तमानपत्रांनी केलं. सिल्कॉट यांचा एक फोटो छापला गेला, अर्धवट हसल्यासारखा, डोळे जड. तो कोठडीत झोपेतून उठवून काढलेला असल्याचं सिल्कॉट सांगत. त्याखाली ‘ब्रॉडवॉटर फार्मचं जनावर’ अशा जातीचे मथळे. १९ मार्च १९८७ ला तिघे दोषी ठरले. तिघांनाही जन्मठेप, सिल्कॉट यांना किमान ३० वर्षं आत ठेवावं, अशी न्यायाधीशांची शिफारस. १९८८ मध्ये अपिलाची परवानगी नाकारली गेली. पुढच्या वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या विद्यार्थी संघटनेनं सिल्कॉट यांना मानद अध्यक्ष केलं आणि देशभर संताप उसळला. एकीकडे जनावर, दुसरीकडे झेंडा. ‘तो कागद एकदा उजेडात धरून बघा’ एवढं साधं म्हणणं दोन्ही गर्दींत ऐकू येत नव्हतं.

खाचा

वहीत बॉलपेन दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर अक्षरांच्या खाचा उमटतात. लहानपणी आपण त्यावर पेन्सिल आडवी घासून वरच्या पानावरचं लिहिणं वाचायचो. त्याच तत्त्वावरचं एक यंत्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये तयार झालं. कागद धातूच्या जाळीदार पत्र्यावर ठेवायचा, वर पातळ प्लास्टिकचा पापुद्रा, खालून हवा ओढून तो कागदाला घट्ट बसवायचा, विद्युतभार द्यायचा आणि झेरॉक्सच्या शाईसारखी काळी पूड सोडायची. डोळ्यांना न दिसणाऱ्या खाचांमध्ये पूड धरते आणि वरच्या पानावर काय लिहिलं होतं ते उभं राहतं. कागद खराब होत नाही.

सलग लिहिलेल्या जबाबात प्रत्येक पानावर आधीच्या पानाच्या खाचा असायला हव्यात. १९९१ मध्ये सिल्कॉट यांच्या वकिलांनी पाचव्या जबाबाचे मूळ कागद तपासून घेतले. ज्या भागात ती घातक वाक्यं होती, तिथे खाचांची साखळी तुटलेली होती. ती पानं मागाहून लिहून घातली असावीत, असं खाचा सांगत होत्या. सहा वर्षं हे कागद सरकारी कपाटातच होते. यंत्रही होतं.

काळही बदलला होता. गिल्डफर्डच्या बाँबस्फोटात चुकीनं दोषी ठरलेले चौघे १९८९ मध्ये आणि बर्मिंगहॅमच्या स्फोटांत तसेच अडकलेले सहा आयरिश मार्च १९९१ मध्ये सुटले होते, आणि पोलिसांच्या कागदावरचा आंधळा विश्वास उडाला होता. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी प्रकरण अपील कोर्टाकडे पाठवलं. २५ नोव्हेंबर १९९१ ला सिल्कॉट यांची शिक्षा रद्द झाली, दोन दिवसांनी रगिप आणि ब्रेथवेट यांची. १९८७ मध्ये आरोप सिद्ध करणारे सरकारी वकील रॉय ॲमलॉट आता उभे राहून म्हणाले की प्रमुख अधिकाऱ्याचा हा वरवर दिसणारा अप्रामाणिकपणा तेव्हा माहीत असता तर आम्ही उरलेल्या आरोपींवरही खटला चालवला नसता. रगिप यांच्या बाबतीत मानसशास्त्रज्ञ गिस्ली गुडजॉन्सन यांची साक्ष निर्णायक ठरली. समोरचा जे सुचवेल ते मान्य करून सुटका करून घ्यायची प्रवृत्ती मोजता येते, असं ते सांगत होते. कबुली दिली म्हणजे केलंच असणार, या समजुतीला ब्रिटिश कोर्टात इथे मोठा तडा गेला.

मेल्विन आणि डिंगल यांच्यावर न्यायात अडथळा आणण्याच्या आरोपाखाली खटला झाला. मेल्विन यांच्यावर शपथेवर खोटं सांगितल्याचाही आरोप होता. जुलै १९९४ मध्ये ज्युरीनं दोघांना निर्दोष सोडलं. ते पानं बदलल्याचं नाकारत राहिले, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते निर्दोष आहेत. सिल्कॉट दुसऱ्या खुनाच्या शिक्षेपायी २००३ पर्यंत तुरुंगातच होते. १९९९ मध्ये लंडन पोलिसांनी त्यांना कोर्टाबाहेर ५० हजार पौंड भरपाई दिली.

हे वाचताना भारतीय वकिलाला एक गोष्ट टोचते. इंग्रजांनीच इथे लागू केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ म्हणतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही. नव्या साक्ष अधिनियमात तेच कलम २३ आहे. इथल्या देशी पोलिसांवर त्यांचा भरवसा नव्हता. स्वतःच्या देशातल्या पोलिसांवर मात्र होता. सिल्कॉट यांचा कागद मुंबईच्या सत्र न्यायालयात नेहमीच्या खटल्यात दाखलच करून घेतला गेला नसता. पण ज्या १९८७ मध्ये ते दोषी ठरले त्याच वर्षीच्या टाडा कायद्यानं आपल्याकडे वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य धरली, आणि महाराष्ट्रानं १९९९ च्या मोक्कात तीच तरतूद आणली. भीती वाढली की आपणही हे दार उघडतो, आणि ते पहिल्यांदा कोणाच्या वस्तीवर उघडतं हे सांगायला नको.

एलिझाबेथ ब्लेकलॉक यांच्या हाती काय

१९९२ मध्ये कमांडर पेरी नोव्ह यांनी नव्यानं तपास सुरू केला. सगळ्या हल्लेखोरांना पकडता येत नाही म्हटल्यावर एक रेषा आखली गेली. ज्यांनी लाथा मारल्या त्यांना साक्षीदार करायचं, ज्यांनी सुरे चालवले त्यांच्यावर खटला भरायचा. खटला उभा राहिलाच नाही. २००३ मध्ये तिसरा तपास. वसाहतीत खोदकामही झालं. अखेर २०१३ मध्ये निकी जेकब्स यांच्यावर आरोप ठेवला गेला. घटनेच्या वेळी ते १६ वर्षांचे होते आणि दंगलीबद्दल त्यांनी आधीच शिक्षा भोगली होती.

२०१४ चा हा खटला पाहिला की तीस वर्षांत किती पाणी वाहून गेलं आणि किती तिथेच साचून राहिलं, दोन्ही दिसतं. मुख्य साक्षीदार टोपणनावांनी, पडद्याआड. त्यातले दोघे स्वतः ब्लेकलॉक यांना लाथा मारल्याचं कबूल करणारे. त्यांना अभय मिळालं होतं, पोलिसांकडून पैसेही मिळाले होते. त्यातल्या एकानं कोर्टात मान्य केलं की काळ्या माणसांचे चेहरे मला एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. पुरावा म्हणून जेकब्स यांनी तरुणपणी तुरुंगात लिहिलेल्या रॅपच्या ओळी वाचून दाखवल्या गेल्या, ज्यात त्या खुनाचं वर्णन होतं. वसाहतीतल्या प्रत्येक पोराला माहीत असलेली गोष्ट गाण्यात आली, यातून हातात सुरा होता हे कसं सिद्ध होतं, हा बचाव पक्षाचा प्रश्न रास्त होता. ९ एप्रिल २०१४ ला ज्युरीनं दहा विरुद्ध दोन मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं.

ब्लेकलॉक कुटुंब त्या दिवशी कोर्टात होतं. मुलगे आता वडील गेले त्या वयाच्या आसपास आलेले. १९८७ मध्ये त्यांना खुनी मिळाले होते, १९९१ मध्ये ते काढून घेतले गेले, २०१४ मध्ये पुन्हा रिकामे हात. सिल्कॉट यांच्यावरचा अन्याय हा कृष्णवर्णीयांचा प्रश्न आणि ब्लेकलॉक यांचा खून हा पोलिसांचा प्रश्न, अशी वाटणी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की ती पानं जर बदलली गेली असतील, तर त्या पानांनी या तीन मुलांचीही फसवणूक केली. आठवणी ताज्या होत्या, साक्षीदार तरुण होते, हत्यारं कुठेतरी होती, ती सहा वर्षं ‘प्रकरण सुटलं’ या समजुतीत गेली.

मझवेल हिलच्या चौकात ब्लेकलॉक यांच्या नावाचा स्मृतिस्तंभ आहे. टँगमिअर इमारत धोकादायक ठरली आणि ती पाडायचा निर्णय कौन्सिलनं २०१८ मध्ये घेतला. त्या खुनाबद्दल आज कोणीही दोषी ठरलेलं नाही.